चेंडू एकटाच आला

भूपेश भोईरला मी पाहिले त्याच्या कितीतरी आधी ऐकले होते. वसई पूर्वेला आम्ही घर घेतले तेव्हा दलालाने सांगितले होते की इमारतीची मागची बाजू मोकळी आहे आणि शांत आहे. मोकळी होती, हे खरे. गोखिवऱ्याचे कारखाने आणि खाडी यांच्या मधला तो भातशेतीचा तुकडा बांधकामवाल्यांच्या नजरेतून अजून सुटलेला होता. भात कापून झाला की गावची मुले बांध सपाट करीत, मधोमध माती ठोकून खेळपट्टी बनवीत, चुन्याच्या रेघा आखीत आणि पाऊस येईपर्यंत दर रविवारी तिथे टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा चालत. राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक आवाज आत आला आणि थेट माझ्या चहाच्या कपापाशी येऊन बसला.

"गोलंदाज निघालेला आहे... निघालेला आहे... खाडीच्या वाऱ्यासारखा निघालेला आहे, आणि हा चेंडू फलंदाजाने अक्षरशः आभाळाच्या स्वाधीन केलेला आहे!"

मी कप घेऊन खिडकीशी गेलो. आभाळात एक घार होती. चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात होता.

आधी मला वाटले, चष्म्याचा नंबर वाढला असावा. मग वाटले, आवाजाला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायला वेळ लागत असेल. काही रविवार गेल्यावर लक्षात आले की त्या मैदानावर एकाच वेळी दोन सामने चालतात. एक खेळाडू खेळतात आणि दुसरा भूपेश खेळतो. दोहोंपैकी दुसरा अधिक रंगतदार असे, हेही मान्य केले पाहिजे.

माझे लहानपण खेड्यात गेलेले असल्यामुळे भोंग्याशी माझे वैर नाही. तरीही एका रविवारी, आवाज थोडा कमी ठेवावा अशी विनंती करायला मी खाली उतरलो. मंडपात एक गोल चेहऱ्याचा, घामाने डबडबलेला माणूस माईक दोन्ही हातांत धरून बोलत होता, आणि बोलताना त्याचे डोळे मिटलेले होते. मला पाहण्यासाठी त्याने ते क्षणभर उघडले.

"या, या सर, बसा," तो माईकवर हात ठेवून म्हणाला, आणि लगेच हात काढून गर्जला, "आपल्या स्पर्धेला शुभेच्छा देण्यासाठी या ठिकाणी खास उपस्थित झालेले ज्येष्ठ क्रिकेटप्रेमी, आदरणीय..." इथे त्याने माईक माझ्यापुढे धरला, म्हणजे नाव मलाच सांगावे लागले. कोणीतरी माझ्या हातात नारळ दिला. हातात नारळ असताना तक्रार करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. आमचा घरोबा त्या नारळापासून सुरू झाला.

आठवडाभर भूपेश गोखिवऱ्यातल्या नटबोल्टच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळी. पण गावात कोणाला विचारले की भूपेश काय करतो, तर स्टोअर कोणाच्या तोंडी येत नसे. "भूपेश? आपला माईकवाला!" एवढीच त्याची ओळख होती आणि तीच त्याला पुरत होती. त्याची आई बायजाबाई सांगत, "ह्याच्या बारशाला ढोल फुटला. त्या ढोलाचा आवाज ह्याच्या पोटात शिरला, तो आजून भायेर येतोय." बायको रीमा याहून स्पष्ट बोले. "आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना हे भटजींना सांगत होते, जरा आवाज वाढवा, मागच्यांना ऐकू येत नाही." घरीही तेच. ताट समोर आले की, वाफाळलेला भात, त्यावर सोडलेली आमटी, आणि आता पहिला घास, असे सगळे यथासांग जाहीर झाल्यावरच जेवण सुरू होई. तोवर आमटी निवलेली असे.

मैदानावर त्याच्या शब्दाला फार मान होता, इतका की गुणलेखक त्याच्या शेजारी बसून त्याच्या बोलण्यावरूनच धावा मांडी. एकदा अर्नाळ्याच्या संघाशी सामना चालू असताना कोणी पाहुणे आले. शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ यांच्या गडबडीत भूपेशने मैदानाकडे पाठ केलेली असतानाच एक उत्तुंग षटकार जाहीर केला. गुणलेखकाने सहा धावा मांडल्या. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्यक्षात फलंदाजाचा त्रिफळा उडाला होता आणि तो बॅट काखेत मारून परत निघाला होता. टाळ्या ऐकून तो थबकला, थोडा विचार केला आणि पुन्हा खेळपट्टीकडे चालू लागला. अर्नाळ्याच्या पोरांनी त्याला वाटेत अडवले म्हणून बरे झाले.

"चुकलं," काशीरामकाका त्या दिवशी म्हणाले, "पन षटकार सांगितला मात्र झकास."

काशीरामकाका म्हणजे स्पर्धेचे अध्यक्ष. मैदानाची जमीन त्यांची, स्पर्धा त्यांनी सुरू केलेली आणि माईकही त्यांचाच. तो कोणाच्या हाती द्यायचा, हे तेच ठरवीत.

मागच्या हंगामात, गावच्या स्पर्धेतल्या एका सामन्याच्या ऐन भरात, भूपेशचा आवाज एका झेलाच्या मध्येच फाटला. लोकांना वाटले, भोंगा बिघडला. दोघेजण तारा तपासायला धावले. भूपेश तोंड उघडे ठेवून उभा होता आणि तोंडातून वाऱ्याशिवाय काही येत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिले. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. त्यांनी पूर्ण मौन सांगितले. कुजबुजायचेही नाही. पाळले तर आवाज परत येईल. नाही पाळले, तर जो येईल तो मैदानात चालणारा नसेल.

काशीरामकाका घरी समाचाराला आले. "हे बघ भूपेश, आवाज आला की माईक तुझा. मी शब्द देतो. पन आवाज आला पायजे. तवर मर्विनला बसवतो."

मर्विन हा लग्नसमारंभांत निवेदन करणारा तरुण. तो मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच श्वासात बोले आणि चौकार गेला की यंत्रावर शिट्टी वाजवी. पोरांना ती शिट्टी फार आवडू लागली. भूपेश ते पाहत होता. दुसरा कोणी त्याच्या स्टोअरच्या खुर्चीत बसला असता तर त्याला एवढे लागले नसते. रीमाने माझ्या पत्नीला सांगितले, "ह्यांना घशाचं दुखणं नाही हो. ती शिट्टी दुखतेय."

घरी बसवला तर हा कुजबुजेल आणि मैदानावर मोकळा सोडला तर ओरडेल, अशी पंचाईत होती. तोडगा काकांनीच काढला. गावच्या नेहमीच्या पंचाला कावीळ झाली होती. "बोलता येत नाय, पन बोट तर वर करता येतं ना? मग पंच हो."

त्या रविवारी भूपेश पांढरी टोपी घालून मैदानाच्या मधोमध उभा राहिला आणि गावाला कळून चुकले की बोट वर करणे वाटते तेवढे सोपे नाही. तोंड बंद असले तरी त्याचे समालोचन आत चालूच होते. गोलंदाज खाडीच्या वाऱ्यासारखा निघाला, एवढे वाक्य मनात पूर्ण होईपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात जाऊन थंड झालेला असे. गोलंदाजाचा पाय रेघेच्या बाहेर पडला, तो त्याला दिसला नाही. एका झेलासाठी सगळे ओरडले तेव्हा तो सवयीने मंडपाकडे पाहू लागला, की काय झाले ते तिथून कळेल.

"अंपायर, मॅच इकडे चालू आहे!" पोरे ओरडली.

"अरे, बोलता येत नाय ते समजलं," काका म्हणाले, "बघता पन येत नाय काय रे?"

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवले आणि त्याच्या गळ्यावर दोन बोटे ठेवली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुम्ही गप्प आहात, पण गळा हलतोय. मनात बोलताय का?"

भूपेशने होकारार्थी मान हलवली. तो अर्थातच या प्रसंगाचे समालोचन करीत होता.

"तेही बंद करा. नाही तर घशाला विश्रांती कशी मिळणार?"

माणसाला तोंड बंद कर म्हणता येते, पण मन बंद कर म्हणजे काय कर, हे कोणी सांगत नाही. भूपेशने प्रामाणिकपणे प्रयत्न केले. तो खाडीच्या बांधावर जाऊन बसला. डोळ्यांसमोर खाडी होती आणि डोक्यात खाडीचे धावते वर्णन. घरी तो छताच्या पंख्याकडे टक लावून बसला. पंख्याची पाती फिरत होती आणि काय फिरत होती! सगळे संवाद आता मोबाइलवर टंकून होत.

"देवाचं नाव घे मनात," बायजाबाई म्हणाल्या.

त्याने टंकले: त्याला पण शब्द लागतात.

रीमाने वाचून दाखवले आणि म्हणाली, "मग झोपा सरळ."

त्याने टंकले: झोपेत पण चालू असतं.

"ते मला नका सांगू. मी बाजूलाच असते."

शेवटी ते थांबले ते कोणत्याही उपायाने नव्हे. ज्याला ऐकायला कोणीच नाही असा समालोचक आत एकटा किती दिवस बोलत राहणार? तो कंटाळला असावा. एका दुपारी रीमाने ओल्या बोंबलांचे कालवण केले होते. तिने ताट ठेवले आणि सवयीने पदराला हात पुसत थांबली. भूपेशने पहिला घास घेतला आणि तो तसाच बसला.

"मीठ कमी आहे?" रीमाने विचारले.

त्याने नकारार्थी मान हलवली.

"तिखट झालंय? काटा लागला?"

नाही. त्याचे डोळे उघडे होते आणि ते कालवणाकडे नव्हते, भिंतीकडेही नव्हते. तो नुसता जेवत होता. चिंचेचा आंबटपणा जिभेच्या कडेला लागून मागे जात होता, बोंबील विरघळत होता, त्याच्या मागून लसूण येत होती, आणि यातल्या कशालाही त्याने नाव दिलेले नव्हते. नावे मी देतो आहे, कारण मला लिहायचे आहे.

रीमा घाबरली. "आई, बघा ना ह्यांना काय झालंय."

बायजाबाईंनी दाराशी येऊन पाहिले. "काय नाय झालं. जेवतोय तो. ह्याला जेवताना मी पैल्यांदाच बघते. आदी निसतं बोलताना बघितलं." आणि मग त्या म्हणाल्या, "पानी दे त्याला."

पुढच्या रविवारी उपांत्य सामना होता. भूपेश टोपी घालून उभा राहिला आणि पहिल्याच षटकात त्याने गोलंदाजाचा रेघेबाहेरचा पाय पकडला. दुसऱ्या षटकात, बॅटला लागून गेलेल्या चेंडूचा इतका बारीक आवाज त्याने टिपला की झेल घेणारा यष्टिरक्षकसुद्धा दाद मागावी की नाही या विचारात होता. भूपेशचे बोट वर गेले होते. फलंदाज निमूटपणे चालू लागला, यावरून ते खरे असावे. पोरांनी थट्टा थांबवली. मी खिडकीतून पाहत होतो. मैदानावर प्रथमच एकच सामना चालला होता. दुसरा मर्विनच्या ताब्यात होता, हे खरे, पण मधोमध उभा असलेला माणूस तो ऐकत नव्हता.

मग अंतिम सामना आला. समोर सांडोरचा संघ होता. त्यांचा कप्तान स्टीवन केळीच्या बागांमधून चेंडू फेकत लहानाचा मोठा झालेला, आणि त्याची फेक परिसरात प्रसिद्ध होती. आमच्या बाजूने फलंदाजीला होता परेश, काशीरामकाकांचा मुलगा. त्या दिवशी मीही खाली मंडपात होतो. या वेळी नारळ स्वीकारण्याच्या तयारीनेच गेलो होतो.

शेवटचा चेंडू, विजयासाठी दोन धावा, आणि बरोबरी झाली तर नियमाप्रमाणे कमी गडी गमावलेल्या सांडोरचा चषक, अशा वेळी प्रमुख पाहुण्यांची गाडी मैदानाच्या कडेला येऊन थांबली. आमच्याकडे सामना थांबत नाही आणि स्वागतही थांबत नाही. मर्विनने पाहुण्यांचे नाव पुकारले. मोबाइलवर सामना दाखवणाऱ्या मुलांनी कॅमेरा वळवला. गुणलेखक हार घेऊन उभा राहिला. गावातली मंडळी पाहुण्यांची नवी गाडी पाहू लागली. मीसुद्धा, खोटे कशाला सांगू, गाडीच पाहत होतो.

त्याच वेळी समोरच्या टोकाच्या परेशच्या जोडीदाराने चेंडू मारला. एक धाव झाली. दुसरीसाठी परेश वळला आणि भूपेश उभा होता त्या टोकाकडे धावत सुटला. सीमारेषेवरून स्टीवनची फेक आली. यष्टी पडल्याचा आवाज झाला, परेशने झेप घेतल्याची धूळ उडाली, आणि मर्विनने हाराकडे पाहत पाहतच आरोळी ठोकली, "पोचला! परेश पोचला! जिंकली रे मॅच!" यंत्रावर शिट्टी वाजली. ढोल सुरू झाले. चार जणांनी काशीरामकाकांना उचलले.

धूळ खाली बसली तेव्हा भूपेशचे बोट वर होते.

ढोल एकेक करून थांबले. काकांना खाली ठेवण्यात आले. ते मैदानात चालत गेले आणि त्यांच्या मागे सगळे गाव गेले.

"कुठं बघत व्हतास?" काकांनी विचारले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच भीती वाटली. "सांग. कसा बाद? लिहून दाखव."

भूपेशने मोबाइल काढला. मी जवळच होतो. त्याने 'चुना' असे टंकले आणि पुसले. 'बॅट' असे टंकले आणि पुसले. 'आधी' असे टंकून तो पुष्कळ वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिला आणि तोही पुसला. ज्या माणसाने वर्षानुवर्षे न पाहिलेल्या षटकारांची वर्णने श्वास न घेता केली होती, त्याला आता पाहिलेल्या एका गोष्टीसाठी वाक्य सापडत नव्हते. आणि ते सापडले नाही तर माईक गेला, हे त्यालाही कळत होते आणि आम्हालाही. काकांच्या मनात काय चालले आहे ते त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होते.

अखेर त्याने कोरा मोबाइल काकांच्या हातात दिला.

"ह्यात काय लिवलंय?"

"काही नाही, काका," मी म्हणालो.

"आवाज गेला तेव्हाच अक्कल पण गेली!" मागून कोणी तरी ओरडले.

गर्दीच्या कडेला बायजाबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माजा पोर खोटं नाय बोलनार."

"मावशी, तो आयुष्यभर षटकारच सांगत आला!"

"ते बोलनं होतं," बायजाबाई म्हणाल्या. "आज तो बोलला कुटं?"

काका मुलाकडे वळले. "परेश, तू पोचला व्हतास का?"

परेश आपले खरचटलेले कोपर पाहत होता. "बाबा, मला काय विचारता? मी डोळे मिटून उडी मारली."

"पोरांनो, मोबाइलवर काय आलंय?"

"पाहुण्यांचा हार आलाय, काका."

काकांनी आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिले. "म्हंजे अख्ख्या गावात डोळे उघडे कोनाचे व्हते?"

प्रमुख पाहुण्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. काका मंडपात गेले आणि चषक उचलून त्यांनी स्वतः स्टीवनच्या हातात दिला. असा चेहरा करून दिलेला चषक मी पुन्हा पाहिलेला नाही. भूपेशशी ते एक अक्षरही बोलले नाहीत.

आवाज पावसाळ्यात परत आला. तो जरा खालच्या पट्टीतला, कडेला खरखर असलेला असा आला. बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी घरचे सगळे त्याच्याभोवती बसले, की आता काय बोलतो. भूपेश रीमाकडे पाहून म्हणाला, "मीठ बरोबर होतं."

"कशाचं मीठ?"

"त्या कालवणाचं."

"अहो, त्या कालवणाला किती दिवस झाले!" रीमा म्हणाली, आणि मग उठून आत गेली, कारण तिला हसू येत होते आणि ते नुसते हसू नव्हते.

तो आमच्याकडे आला तेव्हा मीही विचारले. त्या शेवटच्या चेंडूला नेमके काय झाले? त्याने चहाचा कप दोन्ही हातांत, माईकसारखा धरला होता.

"सर, चेंडू आला."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी चेंडू यायचा तेव्हा त्याच्याबरोबर मी पण यायचो. असा आला, तसा आला, वाऱ्यासारखा आला. त्या दिवशी चेंडू एकटाच आला." त्याने कप खाली ठेवला. "टेनिसच्या चेंडूवर एक वाकडी पांढरी रेघ असते, माहीत आहे तुम्हाला? एवढी वर्षं मी चेंडू सांगत आलो, ती रेघ मला कधी दिसली नव्हती. ती फिरत फिरत आली. यष्टी कलली. परेशची बॅट चुन्यात होती, चुना नुकता उडायला लागला होता. पलीकडे नव्हती गेली. हे मी आता सांगतोय म्हणून एकापुढे एक लागलंय. तेव्हा सगळं एकदमच होतं."

"आणि मर्विन ओरडत होता, ते?"

"ऐकू येत होतं ना. माडाचं सुकलेलं झाप वाऱ्यात वाजतं, तसं. आवाज होता, पण त्यात काही म्हटलेलं नव्हतं."

"भीती वाटली का?"

"तेव्हा नाही. बोट वर गेल्यावर वाटली. म्हणजे परत शब्द आले. पहिला शब्द कोणता आला सांगू? माईक." तो हसला. "गेला, म्हटलं."

पण माईक गेला नाही. भात कापून झाला, मैदान तयार झाले आणि हंगामाच्या पहिल्या रविवारी काशीरामकाकांनी सगळ्यांसमोर भूपेशला मंडपात बोलावले. "शब्द दिला व्हता. आवाज आला, माईक घे." मग आवाज उतरवून, पण आम्हाला ऐकू येईल इतपत, ते म्हणाले, "मधे उभा राहून माज्या पोराला बाद करन्यापरिस इथं बस आनि बोल. माईकवाला कोनाला बाद करत नाय."

सामना सांडोरशीच होता. स्टीवनने मंडपात डोकावून पाहिले. "काका, मग पंच कोण? भूपेशदादा नसेल तरी आम्ही खेळू. पण मजा नाय येणार."

"तुला काय मजा वाटते ती ठाऊक आहे मला," काका म्हणाले.

भूपेशने माईक घेतला. खिशातून रुमाल काढून त्याची जाळी पुसली. पूर्वीही तो असाच पुसत असे. मर्विन आपले यंत्र घेऊन बाजूला सरकला. गाव आपल्या जुन्या आवाजाची वाट पाहू लागले आणि मीही, माझे मलाच नवल वाटले, त्या खाडीच्या वाऱ्याची वाट पाहत होतो.

गोलंदाज धावत निघाला. भोंग्यातून काही आले नाही. चेंडू पडला, फलंदाजाने तो टोलवला, क्षेत्ररक्षकाने धावत जाऊन अडवला, दोन धावा झाल्या. भोंग्यातून भूपेशच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. एकजण उठून तारा तपासू लागला.

मग भोंगा म्हणाला, "दोन."

सगळे मैदान हसले.

"अरे, बोल की!" काका म्हणाले. "आवाज गेला काय परत?"

"आवाज आहे, काका. पण चेंडू जाईपर्यंत मला बोलता येत नाही. आणि गेल्यावर बोलायला काय उरतं?"

"आदी तर चेंडू यायच्या आदी बोलायचास!"

"आधी बघत नव्हतो."

दुसरा चेंडूही तसाच गेला. तिसऱ्या चेंडूला भूपेशने मुद्दाम डोळे मिटले. जुनी युक्ती होती ती. "गोलंदाज निघालेला आहे..." असे तो म्हणाला, आणि मैदानात टाळी पडली. पण पुढचे वाक्य येईना. त्याचे डोळे आपोआप उघडले होते आणि चेंडूकडे लागले होते.

षटक संपल्यावर तो उठला. माईक हातात धरून त्याने क्षणभर त्याकडे पाहिले. त्या पाहण्यात काय होते, ते मी इथे सांगणार नाही, कारण त्याने ते सांगितले नाही. मग तो मर्विनपाशी गेला.

"पाहुण्यांची नावं नीट घे," तो म्हणाला. "लोकांना नावाची हौस असते. आणि ती शिट्टी जरा कमी वाजव."

त्याने खुर्चीवरची पांढरी टोपी उचलली आणि उन्हात चालू लागला. स्टीवनच्या संघाने टाळ्या वाजवल्या. परेशने कपाळाला हात लावला. काका "जा, जा, बुडव गावाला" असे म्हणत राहिले, पण त्यांनी त्याला परत बोलावले नाही.

रीमाची नवी तक्रार अशी आहे की मैदानात न बोललेले सगळे आता घरी बोलले जाते. फक्त ताट समोर आले की पहिले काही घास शांत जातात. तेवढ्या वेळात ती जाऊबाईंना फोन करून घेते.

रविवारी सकाळी मी अजूनही कप घेऊन खिडकीशी उभा राहतो. मर्विन षटकार जाहीर करतो, शिट्टी वाजते, गुणलेखक बहुधा सहा मांडतो. मी मात्र मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या टोपीचे दोन्ही हात वर जातात का, ते पाहत थांबतो. बहुतेक वेळा ती हलत नाही.